मानवी पीडी-१ चे रिकॉम्बिनंट प्रथिन: निवड, विरघळवणे आणि पडताळणी

रिकॉम्बिनंट प्रथिनाची, म्हणजे जीन दुसऱ्या पेशीत घालून बनवून घेतलेल्या प्रथिनाची, कुपी प्रयोगशाळेत आली की तिच्या लेबलावर नाव, वजन आणि शुद्धता या तीन गोष्टी ठळक दिसतात. त्यांपैकी एकही गोष्ट प्रथिनाची घडी शाबूत आहे का, किंवा ज्या रेणूला ते धरायला हवे त्याला ते धरेल का, हे सांगत नाही. मानवी पीडी-१ या रोगप्रतिकारक ग्राही प्रथिनाच्या बाबतीत हा फरक फार महाग पडतो, कारण बाजारात याच नावाने मिळणारी प्रथिने टॅग (प्रथिनाला मुद्दाम जोडलेला तुकडा), लांबी, उत्पादक पेशी आणि शर्करासाखळ्या अशा चार बाबतींत एकमेकांपासून वेगळी असतात आणि एका प्रयोगात उत्तम चालणारे प्रथिन दुसऱ्या प्रयोगात अगदी निरुपयोगी ठरू शकते. हे प्रथिन पहिल्यांदाच हाताळणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि संशोधन साहाय्यकांसाठी त्याची निवड, साठवण आणि पडताळणी कशी करावी ते येथे मांडले आहे. त्यातही एलिसाचा (प्लेटवर बसवलेल्या प्रथिनाला प्रतिपिंड धरते का हे रंगावरून मोजणाऱ्या चाचणीचा) भाग मुद्दाम सविस्तर दिला आहे, कारण बहुतेक प्रयोगशाळांत पहिली कसोटी तीच असते.

कामापुरती ओळख

पीडी-१ चा जीन १९९२ मध्ये क्योटो विद्यापीठात तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत सापडला, आणि या ग्राहीवरच्या कामासाठी होंजो यांना २०१८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जेम्स अ‍ॅलिसन यांच्यासोबत विभागून मिळाले. टी-पेशी सक्रिय झाली की पीडी-१ तिच्या पृष्ठभागावर येतो, आणि समोरच्या पेशीवरच्या पीडी-एल१ किंवा पीडी-एल२ या जोडीदार प्रथिनांशी त्याची गाठ पडली की टी-पेशीचा जोर ओसरतो. कर्करोगाच्या पेशी पीडी-एल१ मिरवून याच यंत्रणेचा फायदा घेतात, म्हणून निवोलुमॅब आणि पेम्ब्रोलिझुमॅब ही प्रतिपिंडे पीडी-१ वर बसून ती गाठ पडू देत नाहीत.

पूर्ण लांबीचे मानवी पीडी-१ हे २८८ अमिनो आम्लांचे असते. सुरुवातीचा छोटा संकेत-पेप्टाइड कापला जातो, साधारण १७० व्या अमिनो आम्लापर्यंतचा भाग पेशीबाहेर राहतो, त्यानंतर पेशीपटलातला भाग येतो आणि उरलेले शेपूट पेशीच्या आत असते. या शेपटावरची २२३ आणि २४८ ही दोन टायरोसिने फॉस्फेट लागल्यावर एसएचपी-२ या फॉस्फेटेजला (फॉस्फेट काढणाऱ्या विकराला) जवळ बोलावतात. संशोधनासाठी विकले जाणारे विद्राव्य प्रथिन मात्र बहुधा केवळ बाहेरचा भाग असते, सहसा २५ व्या ल्यूसिनपासून १६७ व्या ग्लुटामिनपर्यंत. त्यामुळे एसएचपी-२ चे काम या प्रथिनावर अभ्यासता येत नाही, त्यासाठी पेशीच वापराव्या लागतात.

दुसरी एक गफलत वारंवार होते. टी-पेशींच्या माध्यमात विद्राव्य पीडी-१ टाकल्यास टी-पेशी दबतील, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात विद्राव्य पीडी-१ समोरच्या पेशीवरचा पीडी-एल१ झाकून टाकतो, म्हणजे टी-पेशींवरचा दाब उलट कमी होण्याची शक्यता असते. टी-पेशींना दाबणारा संकेत द्यायचा असेल तर प्लेटवर बसवलेले पीडी-एल१ वापरावे. ऑर्डर देण्यापूर्वी आपल्या प्रश्नाला ग्राही हवा आहे की त्याचा जोडीदार, हे कागदावर लिहून पाहिले तर ही चूक तिथल्या तिथे लक्षात येते.

कोणते रूप मागवावे

निवडीचा पहिला प्रश्न टॅगचा आहे. हिस्टिडीन-टॅग असलेले पीडी-१ एकेरी राहते आणि त्याचा आकारही लहान असतो, म्हणून बंधनाची खरी ताकद मोजण्यासाठी ते योग्य ठरते. मानवी एफसी (प्रतिपिंडाचा शेपटाकडचा भाग) जोडलेले पीडी-१ दुहेरी असते, कारण एफसीचे दोन भाग डायसल्फाइड बंधांनी एकमेकांना धरून ठेवतात. अशा रेणूला दोन हात असतात आणि एक हात सुटला तरी दुसरा धरून राहतो, त्यामुळे दुबळे बंधनही टिकाऊ भासते. पेशींवर किंवा प्लेटवर पीडी-एल१ शोधायचा असेल तर हा गुण उपयोगी पडतो. बंधनाचा स्थिरांक काढायचा असेल तर मात्र हाच गुण फसवतो.

पीडी-१ आणि पीडी-एल१ यांचे परस्परांतले बंधन मुळातच दुबळे आहे. एकेरी रेणूंमध्ये त्याचा वियोजन स्थिरांक (तो जितका लहान तितके बंधन घट्ट) काही मायक्रोमोलरच्या घरात, साधारण ८ मायक्रोमोलर, मोजला गेला आहे. पीडी-एल२ शी असलेले बंधन त्याहून घट्ट आहे, पण तेही मायक्रोमोलरच्याच पट्ट्यात येते. औषधी प्रतिपिंडे याच पीडी-१ ला त्याहून हजारपट किंवा अधिक घट्ट पकडतात. ‘पीडी-१ चे बंधन तपासले’ असे कुणी म्हटले तर कोणाशी तपासले हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दुसरा प्रश्न उत्पादक पेशींचा. मानवी एचईके२९३ पेशींत बनवलेल्या पीडी-१ वर ४९, ५८, ७४ आणि ११६ या चार अ‍ॅस्परॅजिनांवर शर्करासाखळ्या बसतात. ई. कोलाय जिवाणूत बनवलेल्या प्रथिनावर त्या नसतात. शिवाय तिथे ते बहुधा न विरघळणाऱ्या गुठळ्यांच्या रूपात मिळते आणि पुन्हा घडी घालून घ्यावे लागते. योग्य घडीसाठी ५४ आणि १२३ या सिस्टीनांमधला डायसल्फाइड बंध जुळायला हवा, आणि ९३ वे मोकळे सिस्टीन त्यात लुडबूड करू शकते. म्हणूनच जिवाणूंत बनवलेल्या अनेक रचनांत त्याच्या जागी सेरीन घातलेले असते. स्फटिक बनवण्यासाठी किंवा एनएमआरसाठी (चुंबकीय अनुनादाने रेणूची रचना पाहण्यासाठी) असे प्रथिन सोयीचे आहे. नव्या प्रतिपिंडांची चाचणी करायची असेल तर मात्र मानवी पेशींतलेच घ्यावे, कारण कॅमरेलिझुमॅबसारखी काही प्रतिपिंडे ५८ व्या स्थानावरच्या शर्करासाखळीलाही धरतात. ती साखळी नसलेल्या प्रथिनावर अशा प्रतिपिंडाचा निकाल दिशाभूल करणारा येईल.

तिसरी बाब लांबीची. तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. निवोलुमॅब पीडी-१ च्या अगदी सुरुवातीच्या, २५ ते ३४ च्या आसपासच्या मोकळ्या वळणाला धरते, तर पेम्ब्रोलिझुमॅबची पकड मुख्यतः रेणूच्या मधल्या एका वळणावर असते. स्फटिकांसाठी बनवलेल्या काही रचना ३३-३४ पासूनच सुरू होतात. अशा रचनेवर पेम्ब्रोलिझुमॅब व्यवस्थित बसते आणि निवोलुमॅब बसत नाही किंवा फारच सैल बसते. हा फरक एकदा समजला की दोन्ही प्रतिपिंडे एकाच प्लेटवर वापरून प्रथिनाच्या दोन वेगवेगळ्या भागांची स्वस्तात तपासणी करता येते, आणि पुढे एलिसात आपण तेच करणार आहोत.

आपल्याकडच्या संस्थांसाठी एक व्यावहारिक बाब. हे प्रथिन बहुधा परदेशातून येते आणि कस्टममध्ये अडकू शकते. द्रवरूप प्रथिन कोरड्या बर्फात येते आणि बर्फ संपला की त्याची वाट लागते. शीत-शुष्क केलेली भुकटी काही दिवस साध्या तापमानालाही तग धरते. एप्रिल-मेमध्ये मागणी नोंदवायची असेल आणि दोन्ही रूपे उपलब्ध असतील तर भुकटीच मागवावी, आणि पार्सल शनिवारी संध्याकाळी बंद दाराशी पोहोचणार नाही अशी तारीख ठरवून घ्यावी.

प्रमाणपत्र कसे वाचावे

कुपीसोबत येणाऱ्या विश्लेषण प्रमाणपत्रावर त्या विशिष्ट लॉटची (एका वेळी बनवलेल्या खेपेची) माहिती असते. संकेतस्थळावरची माहिती सर्वसाधारण असते. दोन्हींत तफावत असल्यास प्रमाणपत्र ग्राह्य धरावे. त्यात अमिनो आम्लांची सुरुवात आणि शेवट, टॅग कोणत्या टोकाला आहे, शुष्क करण्यापूर्वीचा बफर, त्यात ट्रेहॅलोज ही साखर किंवा बोव्हाइन अल्ब्युमिन (गाईच्या रक्तातले प्रथिन) आहे का, एंडोटॉक्सिनची (जिवाणूंच्या आवरणातल्या विषारी अंशाची) मर्यादा आणि क्रियाशीलतेची चाचणी कशाविरुद्ध केली, एवढे तरी वाचावे. शुद्धता ९५ टक्के असल्याचे जेलवरून (प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या चाचणीवरून) सांगितलेले असते, पण जेल प्रथिनाची घडी उलगडून चालवले जाते, त्यामुळे एकमेकांना चिकटलेल्या गुठळ्या त्यात दिसत नाहीत. आकारानुसार वेगळे करणाऱ्या क्रोमॅटोग्राफीचा आलेख दिलेला असेल तर तो अधिक बोलका असतो, आणि दिलेला नसेल तर विक्रेत्याकडे मागावा. मागितल्यावर तो मिळतोही.

विरघळवणे आणि वाटणे

भुकटी अनेकदा दिसतच नाही. ती कुपीच्या झाकणाला किंवा काचेच्या कडेला चिकटलेला एक पातळ पापुद्रा असते, म्हणून कुपी उघडण्यापूर्वी ती साध्या तापमानाला येऊ द्यावी आणि सेंट्रिफ्यूजमध्ये थोडा वेळ फिरवून भुकटी तळाला आणावी. फ्रीजमधून काढून लगेच उघडल्यास हवेतली आर्द्रता आत जाऊन भुकटी अर्धवट ओली होते. पावसाळ्यात तर ही काळजी जास्तच घ्यावी.

यानंतर कोणता द्रव घालायचा हे प्रमाणपत्रावरून ठरवावे. प्रथिन पीबीएसमधून (फॉस्फेट आणि मीठ असलेल्या बफरमधून) शुष्क केलेले असेल तर निर्जंतुक पाणी घालावे, कारण क्षार आधीच कुपीत आहेत; पुन्हा पीबीएस घातल्यास त्यांचे प्रमाण दुप्पट होऊ शकते. १०० मायक्रोग्रॅमच्या कुपीत ४०० मायक्रोलिटर पाणी घातले तर २५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर एवढे तीव्र द्रावण मिळते, आणि ते हाताळायला सोयीचे असते. पाणी कडेवरून हळू सोडावे, कुपी तिरकी करून भिंती ओल्या कराव्यात आणि २० ते ३० मिनिटे तशीच ठेवून अधूनमधून हलक्या हाताने फिरवावी. व्होर्टेक्सवर धरू नये आणि पिपेटने फेस काढू नये. हवा-पाण्याच्या सीमेवर प्रथिनांची घडी मोडते. द्रावण स्वच्छ न दिसता दुधाळ किंवा तंतुमय दिसले तर फिरवून गाळ वेगळा करावा, वरच्या द्रावातली तीव्रता मोजावी आणि ती कुपी महत्त्वाच्या प्रयोगासाठी राखू नये.

तीव्रता २८० नॅनोमीटरवर मोजताना त्या रचनेचा शोषण-गुणांक वापरावा. सर्वसाधारण ‘१ म्हणजे १’ (शोषण १ म्हणजे १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर) हे गणित येथे लावू नये. शर्करासाखळ्या या तरंगलांबीवर प्रकाश शोषत नाहीत, म्हणून मोजमापातून येणारे वजन पेप्टाइडचे असते. कुपीत अल्ब्युमिन घातलेले असेल तर हे मोजमाप निरर्थक आहे, कारण दिसेल ते बहुतांश अल्ब्युमिनच असेल.

मोजून झाल्यावर द्रावण लगेच कमी चिकटणाऱ्या प्लास्टिकच्या नळ्यांत प्रत्येकी २० मायक्रोलिटर असे वाटावे. म्हणजे प्रत्येक नळीत ५ मायक्रोग्रॅम प्रथिन येते आणि ती एकदाच वापरून टाकायची असते. त्याहून लहान वाटे केल्यास नळीच्या भिंतीवर चिकटणाऱ्या प्रथिनाचे प्रमाण वाढते. नळ्या उणे ८० अंश सेल्सिअसला ठेवाव्यात आणि त्या शक्य तितक्या वेगाने गोठवाव्यात. सोडियम फॉस्फेटचा बफर सावकाश गोठला तर त्यातला एक क्षार आधी स्फटिक होतो आणि उरलेल्या द्रवाचा पीएच बराच खाली जातो, आणि प्रथिनाला तो फटका गोठताना आपल्या नकळत बसतो. आपोआप बर्फ वितळवणारा घरगुती फ्रीझर या कामासाठी वापरू नये, कारण तो ठरावीक वेळाने स्वतःला गरम करतो. नळीवर लॉट क्रमांक, तीव्रता आणि तारीख लिहावी. केवळ ‘पीडी-१’ एवढेच लिहिलेली नळी वर्षभराने कुणाच्याच कामाची उरत नाही.

द्रावण फार पातळ करून साठवायचे असेल तर ०.१ टक्के अल्ब्युमिन घालता येते. मात्र त्या नळीतल्या प्रथिनाला बायोटिन (पकडीसाठी जोडायचा छोटा रेणू) जोडायचे असेल किंवा ते प्लेटवर बसवायचे असेल तर अल्ब्युमिन घालू नये. दोन्ही वेळा जागा पीडी-१ ऐवजी अल्ब्युमिनच अडवेल.

जेलवर काय दिसले पाहिजे

हिस्टिडीन-टॅग असलेल्या पीडी-१ चा गणिताने येणारा रेणुभार १७ किलोडाल्टनच्या आसपास असतो, पण मानवी पेशींतले प्रथिन जेलवर ३० ते ४० किलोडाल्टनच्या दरम्यान एका रुंद, धूसर पट्ट्यासारखे दिसते. शर्करासाखळ्यांमुळे असे होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. खात्री करायची असेल तर पीएनगेज-एफ या विकराने साखळ्या कापून पुन्हा जेल चालवावे. धूसर पट्टा जाऊन १७ च्या जवळ नीट रेघ यायला हवी. येथे एक खाचखळगा आहे. पीएनगेज-एफ स्वतः सुमारे ३६ किलोडाल्टनचे असते, म्हणजे नेमके ज्या ठिकाणी न कापलेले पीडी-१ असते त्याच ठिकाणी त्याची रेघ उमटते, आणि ती पाहून ‘प्रथिन कापलेच गेले नाही’ असा निष्कर्ष निघतो. त्यामुळे केवळ विकर घातलेली एक लेन शेजारी चालवणे आवश्यक आहे.

त्याच जेलवर एक लेन डायसल्फाइड बंध न तोडता चालवावी. एफसी जोडलेले पीडी-१ या लेनमध्ये तोडलेल्या लेनच्या साधारण दुप्पट आकाराला दिसायला हवे. एकेरी म्हणून घेतलेल्या हिस्टिडीन-टॅगच्या प्रथिनात मात्र वर जोडीचा पट्टा दिसला, तर ९३ व्या मोकळ्या सिस्टीनामुळे दोन रेणू जुळले असण्याची शंका घ्यावी आणि असे प्रथिन बंधनाच्या स्थिरांकासाठी वापरू नये.

एलिसा

उच्च बंधनक्षमतेची ९६ वेलची (खळग्यांची) प्लेट घ्यावी. एका प्लेटसाठी दोन नळ्या, म्हणजे ४० मायक्रोलिटर तीव्र द्रावण १० मिलिलिटर पीबीएसमध्ये मिसळले की १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर द्रावण होते. प्रत्येक वेलमध्ये १०० मायक्रोलिटर टाकून, प्लेट चिकटपट्टीने बंद करून ४ अंशांवर रात्रभर ठेवावी. काही वेल प्रथिनाविना केवळ पीबीएस घालून सोडाव्यात, आणि जमल्यास काहींत त्याच टॅगचे पण असंबंधित प्रथिन बसवावे. या वेल नसतील तर नंतर दिसणारा रंग पीडी-१ मुळे आहे की प्लास्टिकला चिकटलेल्या प्रतिपिंडामुळे, हे ठरवता येणार नाही.

सकाळी ०.०५ टक्के ट्वीन-२० (साबणासारखे रसायन) घातलेल्या पीबीएसने प्रत्येक वेलमध्ये ३०० मायक्रोलिटर टाकून तीन वेळा धुवावे आणि प्रत्येक वेळी प्लेट टिश्यूच्या घडीवर उलटी आपटून द्रव पूर्ण काढावा. नंतर २ टक्के अल्ब्युमिनच्या द्रावणाने तासभर ब्लॉक करावे, म्हणजे प्लास्टिकच्या उरलेल्या मोकळ्या जागा झाकाव्यात.

प्रतिपिंडाचे सौम्यीकरण वेगळ्या प्लेटमध्ये करावे. पहिल्या वेलमध्ये १००० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरचे १८० मायक्रोलिटर द्रावण घ्यावे, पुढच्या दहा वेलमध्ये १२० मायक्रोलिटर अल्ब्युमिन-बफर ठेवावा आणि प्रत्येक टप्प्यावर ६० मायक्रोलिटर पुढे न्यावे. प्रत्येक वेळी टिप बदलावी, नाहीतर टिपेच्या बाहेर चिकटलेले थेंब आलेखाचे खालचे टोक वर ओढतात. बारावी वेल प्रतिपिंडाविना ठेवावी. अशा तिप्पट उतरणीत अकरा बिंदू येतात आणि आलेखाची वरची व खालची दोन्ही सपाट टोके सापडतात. निवोलुमॅब आणि पेम्ब्रोलिझुमॅब यांच्यासाठी प्रत्येकी दोन ओळी आणि आयजीजी४ प्रकारच्या, म्हणजे या दोघांच्याच प्रकारच्या, असंबंधित प्रतिपिंडासाठी दोन ओळी, अशी मांडणी पुरेशी होते. उरलेल्या दोन ओळी प्रथिन न बसवलेल्या आणि असंबंधित प्रथिनाच्या वेलसाठी ठेवाव्यात.

संशोधनासाठी विकली जाणारी प्रतिपिंडे नसतील तर काही संस्थांत रुग्णालयातल्या औषधाच्या कुपीत उरलेला अंश परवानगीने वापरला जातो. निवोलुमॅबचे औषधी द्रावण १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर असते, म्हणजे आपल्या वरच्या बिंदूपर्यंत पोहोचण्यासाठी ते १०,००० पट पातळ करावे लागते. हे एका झेपेत करू नये, शंभर-शंभर पटींच्या दोन टप्प्यांत करावे. या प्रतिपिंडाची पकड किती घट्ट आहे याचा अंदाज मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या अभ्यासावरूनही येतो. तिथे डोके-मानेच्या कर्करोगात दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम निवोलुमॅब इतर औषधांबरोबर देऊन पाहिले गेले, आणि थोड्या मात्रेतही ग्राही बऱ्याच प्रमाणात व्यापले जातात हा त्यामागचा एक तर्क होता.

सौम्यीकरणातून प्रत्येकी १०० मायक्रोलिटर पीडी-१ च्या प्लेटमध्ये हलवावे, तासभर साध्या तापमानाला ठेवावे, तीन वेळा धुवावे आणि पेरॉक्सिडेज (रंग उमटवणारे विकर) जोडलेले मानवी आयजीजी-विरोधी दुय्यम प्रतिपिंड घालावे. अनेकांची प्लेट येथेच वाया जाते. प्लेटवर मानवी एफसी जोडलेले पीडी-१ बसवले असेल, तर मानवी एफसी ओळखणारे दुय्यम प्रतिपिंड थेट त्यालाच चिकटते आणि प्रतिपिंड न घातलेल्या वेलसकट पीडी-१ बसवलेल्या सर्व वेल पिवळ्या होतात. अशा वेळी मानवी कॅप्पा साखळी (प्रतिपिंडाच्या हलक्या साखळीचा एक प्रकार) ओळखणारे दुय्यम प्रतिपिंड वापरावे. निवोलुमॅब आणि पेम्ब्रोलिझुमॅब दोन्हींत कॅप्पा साखळी असते आणि एफसी जोडलेल्या पीडी-१ मध्ये हलकी साखळीच नसते, त्यामुळे प्रश्न सुटतो. शक्य असल्यास हिस्टिडीन-टॅगचे प्रथिन वापरून हा प्रश्न उद्भवूच देऊ नये. कोणत्याही बफरमध्ये सोडियम अझाइड नाही ना, हेही पाहावे, कारण ते पेरॉक्सिडेजला मारते.

दुय्यम प्रतिपिंडानंतर मात्र पाच वेळा धुवावे. साध्या तापमानाला आणलेले टीएमबी (पेरॉक्सिडेजमुळे निळे होणारे रसायन) १०० मायक्रोलिटर घालावे आणि निळा रंग पाहत ५ ते १५ मिनिटांत, सर्व वेलना ज्या क्रमाने टीएमबी घातले त्याच क्रमाने, १ मोलर सल्फ्युरिक आम्लाने थांबवावे. वातानुकूलन नसलेल्या खोलीत उन्हाळ्यात रंग फार झपाट्याने चढतो. वरचे बिंदू यंत्राच्या मर्यादेबाहेर जाऊ लागले तर वेळ कमी करण्यापेक्षा दुय्यम प्रतिपिंड अधिक पातळ करावे. वाचन ४५० नॅनोमीटरवर घेऊन ५७० किंवा ६२० चे वाचन वजा करावे.

चार घटकांच्या वक्रात बिंदू बसवल्यावर जी अर्ध-परिणामी तीव्रता (निम्मा संकेत देणारी तीव्रता) मिळते, ती बहुधा एक किंवा दोन आकडी नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असते. या आकड्याला वियोजन स्थिरांक म्हणू नये. प्लेटवर किती प्रथिन बसवले यावर तो हलतो, आणि प्रतिपिंडाला दोन हात असल्याने तो प्रत्यक्षाहून घट्ट दिसतो. त्याचा उपयोग एकाच मांडणीत दोन लॉट किंवा दोन प्रतिपिंडे ताडून पाहण्यापुरता आहे, आणि त्या कामी तो उत्तम आहे.

निकाल वाचताना दोन्ही प्रतिपिंडे शेजारी ठेवून पाहावीत. दोघांचाही वक्र चढला तर रेणूची सुरुवात आणि मधला भाग दोन्ही ठीक आहेत. पेम्ब्रोलिझुमॅब चढले आणि निवोलुमॅब पडले, तर रचनेची सुरुवात कुठून आहे ते पुन्हा वाचावे. दोन्ही पडली आणि जेल ठीक होते, तर प्लेटवर बसताना प्रथिन विस्कटले असण्याची शक्यता मोठी आहे, कारण एवढे लहान प्रथिन प्लास्टिकवर सपाट पसरून स्वतःची घडी मोडू शकते. अशा वेळी ठरावीक एकाच जागी बायोटिन जोडलेले पीडी-१ घेऊन ते स्ट्रेप्टाविडिनच्या (बायोटिनला घट्ट धरणाऱ्या प्रथिनाच्या) प्लेटवर बसवावे. लायसिनांवर वाटेल तिथे बायोटिन जोडणाऱ्या किटने हे काम होते, पण ७८ वे लायसिन पीडी-एल१ आणि पेम्ब्रोलिझुमॅब या दोघांच्याही पकडीत येते, त्यामुळे तिथे बायोटिन बसले तर आपणच प्रथिन निकामी करतो. एव्ही-टॅग (ठरलेल्या एकाच जागी बायोटिन घेणारा तुकडा) असलेले प्रथिन थोडे महाग पडते, पण या प्रयोगात ते पैसे वसूल होतात.

पीडी-एल१ बरोबरचे प्रयोग

प्लेटवर पीडी-एल१ बसवून त्यावर एकेरी पीडी-१ टाकले तर बहुधा काहीच दिसत नाही. बंधन होते, पण ते काही सेकंदांत सुटते आणि धुताना वाहून जाते. यात प्रथिनाचा दोष नसतो. धुण्याची पायरी असलेल्या प्रयोगासाठी दोन हातांचे, म्हणजे एफसी जोडलेले, बायोटिनयुक्त पीडी-१ घ्यावे, त्याचा वक्र आधी काढावा आणि ज्या तीव्रतेला सुमारे ८० टक्के संकेत मिळतो ती तीव्रता स्थिर ठेवून त्यात रोधक प्रतिपिंडाचे सौम्यीकरण मिसळावे. संतृप्तीच्या वर गेल्यास रोधक दुबळा भासतो.

एकेरी रेणूंचे बंधन मोजायचे असेल तर धुण्याची पायरी नसलेले, पृष्ठभागावरचे प्लाझ्मॉन अनुनाद मोजणारे यंत्र वापरावे. ८ मायक्रोमोलरच्या स्थिरांकासाठी वरचा बिंदू ५० मायक्रोमोलरच्या आसपास न्यावा लागतो. १७ किलोडाल्टनच्या हिशोबाने ते ०.८५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर होते, म्हणजे २०० मायक्रोलिटरच्या एकाच बिंदूला १७० मायक्रोग्रॅम प्रथिन लागते, अर्थात १०० मायक्रोग्रॅमची कुपी पहिल्याच बिंदूला अपुरी पडते. हा हिशोब मागणी नोंदवण्याच्या आधी करावा. प्रतिपिंडांचे बंधन मोजताना मात्र प्रतिपिंड या यंत्राच्या चिपवर धरून एकेरी पीडी-१ वरून वाहू द्यावे. उलटी मांडणी केल्यास प्रतिपिंडाचे दोन्ही हात चिपवर अडकतात आणि सुटण्याचा वेग खोटा मंद येतो.

पेशींवर वापरताना एंडोटॉक्सिनचा हिशोबही असाच करावा. प्रमाणपत्रावर १ एकक प्रति मायक्रोग्रॅमहून कमी असे लिहिलेले असते आणि ते बरे वाटते, पण १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर वापरले तर माध्यमात १० एककांपर्यंत एंडोटॉक्सिन येऊ शकते, आणि रक्तातल्या मोनोसाइटना चेतवायला एवढे पुरेसे असते. मग दिसणारा परिणाम पीडी-१ चा नसून जिवाणूंच्या अवशेषांचा असतो. त्याच बफरचे, किंवा उकळून घडी मोडलेल्या त्याच प्रथिनाचे नियंत्रण शेजारी ठेवावे. उकळल्याने प्रथिन मोडते, एंडोटॉक्सिन बहुतांशी टिकते, त्यामुळे दोघांतला फरक उघड होतो. एफसी जोडलेले प्रथिन पेशींवर टाकण्यापूर्वी पेशींवरचे एफसी-ग्राही रोधून घ्यावेत आणि केवळ मानवी आयजीजी-एफसी हे नियंत्रण वगळू नये. हे सर्व साहित्य केवळ संशोधनासाठी असते. प्राण्यांवर वापरायचे झाल्यास संस्थेच्या समितीची परवानगी आणि वेगळ्या दर्जाचे प्रथिन लागते. उंदरांवर काम करणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की निवोलुमॅब आणि पेम्ब्रोलिझुमॅब उंदराच्या पीडी-१ ला धरत नाहीत.

लॉट बदलताना जुन्या लॉटच्या किमान दोन नळ्या न वापरता राखून ठेवाव्यात. नवा लॉट आला की दोन्ही एकाच दिवशी, एकाच प्लेटवर, त्याच प्रतिपिंडाच्या सौम्यीकरणाने तपासावेत आणि अर्ध-परिणामी तीव्रता तसेच वरच्या सपाट टोकाची उंची या दोन्ही गोष्टी ताडून पाहाव्यात. तीव्रता दुपटीच्या आत असेल आणि उंची जवळपास सारखी असेल तर नव्या लॉटवर पुढचे काम सुरू करावे. तीव्रता जुळते पण उंची निम्मी भरते, असे दिसल्यास नव्या कुपीतले बरेचसे प्रथिन निष्क्रिय असण्याची किंवा ते प्लेटवर कमी बसले असण्याची शक्यता आहे. अशा वेळी बसवण्याची तीव्रता दुप्पट करून एक प्लेट पुन्हा चालवावी, आणि तरीही उंची भरत नसेल तर जेलची छायाचित्रे व दोन्ही वक्र जोडून विक्रेत्याकडे लॉट बदलून मागावा.